पेटीवर सुचलेली चाल ओबोला का मानवत नाही

पेटी पुढ्यात घ्या, मधल्या सप्तकातली काळी एक सा धरा आणि सावकाश वाजवा: ग प प, ग रे सा, मग रे ग प ग रे. भजनात वाढलेल्या माणसाला हे भूपाचे सूर वाटतील, आणि सूर तेच आहेत. ओळ मात्र अँटोनिन ड्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिंफनीतली, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या, अनेक भागांच्या रचनेतली आहे. १८९३च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला ती सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या, संथ भागात तंतुवाद्यांच्या दबक्या साथीवर ‘कोर आंग्ले’ नावाचं एकच वाद्य ही चाल म्हणतं. पाश्चात्त्य संगीताशी काही घेणंदेणं नसलेली माणसंही ती ऐकून थबकतात.

आता तीच ओळ पेटीवर एक सप्तक वर वाजवा. मग आणखी दोन सुरांनी सरकवून वाजवा. चाल वर-खाली होईल, पण तिचा पोत फारसा बदलणार नाही. पेटीत प्रत्येक सुराला स्वतःची पत्ती असते, आणि सगळ्या पत्त्या एकसारख्या बोलाव्यात म्हणूनच कारागीर घासून-पुसून जुळणी करतो. पेटीवर किंवा कीबोर्डवर चाली बांधणाऱ्याला त्यामुळे नकळत एक सवय लागते: सूर म्हणजे फक्त उंची, बाकी सगळं सारखंच.

फुंकून वाजणाऱ्या वाद्याचं तसं नसतं. तिथे नळी एक, तोंड एक, आणि त्याच नळीची लांबी बोटांनी कमी-जास्त करून सगळे सूर काढायचे. काही सूर भरदार निघतात, काही पोकळ, काही हट्टी. काही मऊ फुंकले तर उमटतच नाहीत, काही जोरात फुंकले तर फाटतात. चांगला वादक वर्षानुवर्षांच्या रियाजाने हे खड्डे बुजवतो, पण पूर्ण बुजत नाहीत. ऑर्केस्ट्रातल्या अशा वाद्याला सोलो लिहिणाऱ्याने हे खड्डे कुठे आहेत ते जाणून लिहिलंय की पेटीवर सुचलेली चाल त्याच्या अंगावर टाकलीय, हे दोन-चार बारांत (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) कळतं.

ओळख करून देतो. सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनं-चेलोंच्या मागे, बरोबर मध्यभागी ही लाकडी फुंकवाद्यांची मंडळी बसतात: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून. फ्लूट आता बहुतेक धातूचा असतो, तरी कुटुंब तेच. ओबोला आपल्या सनईसारखीच दुहेरी पत्ती असते, बासूनलाही. क्लॅरिनेटला एकच पत्ती. कोर आंग्ले हा ओबोचा मोठा भाऊ, पंचमाने खाली बोलणारा, खालच्या टोकाला फुगीर कांदा असलेला. साठ-सत्तर माणसांतून यांच्यापैकी एकाला पुढे काढून चाल दिली, की तो सोलो.

आता ड्वोर्झाकची तीच ओळ या सगळ्यांना वाटून पाहू. सुरांची उंची तीच ठेवायची, फक्त वाद्य बदलायचं.

कोर आंग्लेच्या अंगात ही ओळ मधोमध बसते. खाली भरपूर जागा, वर भरपूर जागा. हलक्या आवाजात वाजवता येतं, फुगवता येतं, सूर सुरू करताना धडकी भरत नाही. ओबोला दिली तर? ओबोचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे खर्जातली काळी पाच. आपला सा तिच्यापासून जेमतेम तीन अर्धस्वर वर. तिथे ओबो जाड, खरखरीत बोलतो, आणि हळू सुरू करायला गेलं की सूर एक तर येत नाही, नाही तर धक्क्याने येतो. फ्लूटला दिली, तर सा हा त्याच्या तळाच्या सुराला अगदी लागूनच. अर्धा सूर आणि अर्धी फुंक ऐकू येईल. खोलीत गोड वाटेल, मोठ्या सभागृहात चार व्हायोलिनं त्याला गिळून टाकतील. नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर (कागदावरची पांढरी एक वाजवली की ज्यातून काळी पाच निघते) तर गंमतच. या ओळीचे ग आणि प नेमके त्याच्या गळ्याच्या सुरांवर पडतात, म्हणजे क्लॅरिनेटच्या सगळ्यात निस्तेज पट्टीत. बासून ही उंची गाठतो, पण त्याच्या दृष्टीने ती वरची पट्टी. आवाज ताणलेला, घसा आवळल्यागत निघेल. एखाद्या वेगळ्या प्रसंगाला तो शोभेलही, पण या निवांत चालीला शोभणार नाही.

सूर तेवढेच, लय तीच, आणि पाचांपैकी एकाच वाद्यावर ओळ नीट नांदते. म्हणून सोलो तपासायचा माझा एक साधा निकष आहे. ही ओळ दुसऱ्या वाद्याला दिली किंवा दोन सूर वर सरकवली आणि तरी काही बिघडलं नाही, तर ती चाल चांगली असेल, पण त्या वाद्यासाठी लिहिलेली नाही.

इथे एक गैरसमज होतो. वाद्याला मानवणारं म्हणजे वाजवायला सोपं, असं नाही. नुसतं ‘मधल्या पट्टीत ठेवा, गोड वाजेल’ एवढंच सूत्र असतं तर सगळे सोलो एकसारखे झाले असते. खरी हुशारी वाद्याची कमजोरी कामाला लावण्यात आहे.

क्लोद दब्युसीचं ‘एका वनदेवाच्या दुपारची पूर्वपीठिका’ अशा अर्थाच्या नावाचं एक फ्रेंच रचनाचित्र आहे, १८९४चं. ते सुरू होतं एकट्या फ्लूटने, साथीला काहीही नाही. पहिलाच सूर पुन्हा काळी एक, पण ड्वोर्झाकच्या ‘सा’पेक्षा एक सप्तक वरची. या सुरासाठी फ्लूटवाल्याची जवळपास सगळी बोटं वर उचललेली असतात. उजव्या हाताची करंगळी तेवढी एका कळेवर. नळीची बहुतेक भोकं उघडी, म्हणजे बोलणारी नळी अगदी आखूड. थिओबाल्ड बोएमने १८४७मध्ये फ्लूटची जी नवी रचना केली, त्यावर आजचे फ्लूट आधारलेले आहेत. वाद्य खूप सुधारलं, पण हा सूर जरा पोरकाच राहिला. फिका, धूसर, आणि उंचीला लटपटणारा. हात रिकामे असल्याने वाद्य ओठांवर स्थिर धरणंही अवघड. कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, लांब सूर धरायला नको असलेला कोणता, तर या सुराचं नाव पहिल्या दोन-तीनांत येईल.

दब्युसीने तोच निवडला. वर लिहिलं ‘मृदू, भावपूर्ण’, आणि सुरुवातच त्याच्यावर लांब थांबून केली. मग ओळ काळी एकवरून हळूहळू उतरत पांढरी पाचपर्यंत येते आणि परत चढते. खाली उतरताना एकेक भोकं बंद होतात, नळी लांब होते, सूर भरत जातो. वर येताना पुन्हा विरळ होतो. जाग आणि झोप यांच्यातल्या उन्हाळी दुपारचा जो रंग हवा होता, तो त्या बोटांच्या हालचालीतूनच मिळाला. पुढे ही चाल पुन्हा पुन्हा येते. सुरुवातीच्या काही वेळा फ्लूट त्याच काळी एकवर परततो, आणि बदलते ती खालची साथ. दब्युसीला तो सूरच हवा होता. अर्धस्वर वर सरकवून बहुतेक बोटं भोकांवर ठेवली असती तर वादकाचा जीव भांड्यात पडला असता, आणि रचनेतला जीव गेला असता.

रंगानंतर श्वास. आपल्याकडे गायकाच्या दमसासाचं कौतुक फार. एका श्वासात लांबलचक तान घेतली की टाळी ठरलेली. फुंकीच्या वाद्यांत दमसास लागतोच, पण प्रत्येक वाद्याचा श्वास वेगळ्या जातीचा असतो, आणि ही गोष्ट बाहेरून दिसत नाही.

फ्लूटवाला हवा भोकाच्या कडेवर फुंकतो. तिच्यातली बरीच नळीत न शिरता बाहेरच जाते. त्यामुळे त्याची हवा भराभर संपते, खालच्या पट्टीत जोरात वाजवायचं असेल तर आणखीच. ओबोचं उलट. दोन पत्त्यांमधली फट इतकी बारीक की हवा आत जातच नाही म्हणा ना. दाब प्रचंड, खर्च नगण्य. ओळ संपते तेव्हा ओबोवाल्याची छाती भरलेलीच असते, पण ती हवा वापरून शिळी झालेली. जीव घुसमटतो तो हवा संपल्याने नाही, तर साठल्याने. त्याला आधी श्वास सोडायचा असतो, मग नवा घ्यायचा असतो. एका श्वासाला दोन कामं, म्हणजे वेळ जास्त. लिहिणाऱ्याने फ्लूटसारखी चिमूटभर फट ठेवली तर ओबोवाला तेवढ्यात फक्त सोडेल किंवा फक्त घेईल, आणि पुढच्या ओळीत लालबुंद होईल.

चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा दुसरा भाग ओबोने सुरू होतो, १८७८ची गोष्ट. वीसेक बार चाल चालते, बहुतेक सारखेच सूर, एकामागून एक, विश्रांती जवळजवळ नाही. कागदावर अगदी साधी दिसते, लहान मुलाला द्यावी इतकी. प्रत्यक्षात ओबोवाले तिला टरकून असतात. तरीही सोलो उत्तम लिहिलेला आहे, कारण चाल छोट्या-छोट्या तुकड्यांची आहे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला सूर जरा आखूड करून श्वास चोरता येतो. साथीला तंतुवाद्यं गजाने नाही, बोटांनी छेडलेली, त्यामुळे जोर लावायची गरज नाही. ओबो त्याच्या मधल्या, सगळ्यात बोलक्या पट्टीत आहे. कष्ट वादकाचे, ऐकणाऱ्याला साधेपणाच मिळतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे रिचर्ड श्ट्राउस. दुसरं महायुद्ध संपल्यावर जॉन डी लॅन्सी नावाचा एक अमेरिकन सैनिक त्याला भेटला. तो मूळचा ओबोवादक. त्याने विचारलं, ओबोसाठी कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी मोठी रचना) लिहायचा कधी विचार केलात का? उत्तर आलं, नाही. मग त्याच वर्षी, १९४५मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी श्ट्राउसने तो लिहिला. त्यात ओबोचा पहिला प्रवेश पन्नासहून जास्त बारांचा आहे, जवळपास न थांबता. आता हा दमसासाविरुद्धचा गुन्हा नाही का? थोडासा आहे. पण सूर असे बोटांखाली बसलेत, वळणं ओबोच्या अंगाने अशी जातात, की वादक तक्रार करत करत आयुष्यभर तेच वाजवत बसतात. अनेक जण यासाठी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेण्याची युक्ती वापरतात.

ही युक्ती आपल्या सनईवाल्यांना सांगायला जाऊ नका. लग्नाच्या मांडवात किंवा देवळाच्या नगारखान्यात सनईबरोबर जो सूर धरलेला असतो, तो धरणारा माणूस तासभर सूर तुटू देत नाही. गाल फुगतात, नाकातून हवा आत जाते, गाल चेपतात, सूर चालूच. पत्ती दुहेरी, फट बारीक, दाब मोठा: ओबोचं सगळं शास्त्र त्याच्या गालात आहे. कोकणातल्या कुणाला ओबोचा श्वास समजून घ्यायचा असेल तर युरोपची पुस्तकं नंतर, आधी नगारखान्याखाली उभं राहावं आणि त्या माणसाचा गळा नि गाल बघावेत.

क्लॅरिनेट तर आपल्या ओळखीचाच. मिरवणुकीत, लग्नात, बँडमध्ये तो पुढे असतो. कुडाळच्या बाजूला बँडमध्ये वाजवणाऱ्या एका जुन्या काकांच्या पडवीत बसून मी त्यांना एक सूर आणि त्याच्या शेजारचा सूर हळू वाजवून दाखवायला सांगितलं होतं. कागदावर बी फ्लॅट (पेटीच्या भाषेत काळी पाच) लिहिलेला सूर वाजवताना त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एवढीच दोन बोटं कामाला होती. बाकीची सात हवेत. वाद्य उजव्या अंगठ्याच्या आधारावर नुसतं तोलून धरलेलं. पुढचा सूर, अर्धाच स्वर वर, आणि दोन्ही हातांची सगळी बोटं करंगळीसकट एकाच क्षणी धप्पकन खाली. “हंयसर सगळी बोटां एकदम बसाक व्हयी,” ते म्हणाले, “नायतर किंचाळता.” आणि एक बोट मुद्दाम उशिरा टाकून त्यांनी ते किंचाळवूनही दाखवलं. पडवीतलं मांजर पळालं.

असं का होतं? फ्लूट किंवा ओबोवर सा वाजत असताना फुंक वरच्या सप्तकात उडवली की तार सा मिळतो. म्हणजे एका सप्तकाची बोटं पाठ झाली की दुसरं जवळपास फुकट. क्लॅरिनेटची नळी सरळ, एकसारख्या जाडीची, आणि पत्तीच्या बाजूने बंद. अशा नळीत स्वरांचे एकाआड एक अंशच जोरात उमटतात. त्यामुळे सूर उडवला की तार सा मिळत नाही, त्याच्याही पुढचा प मिळतो. मधलं एवढं मोठं अंतर भरायला जास्तीच्या कळा बसवाव्या लागल्या, आणि त्या कळांवरचे सूर म्हणजेच ते निस्तेज गळ्याचे सूर. त्यांच्या लगेच वर जो सांधा आहे त्याला वादक ‘ब्रेक’ म्हणतात. पूल होण्याआधी खाडीच्या अलीकडच्या गावातून पलीकडच्या गावात जायचं म्हणजे जे होतं, तेच इथे: गाव समोर दिसतं, पण होडी लागते. ओळ एकदा ओलांडून पलीकडे गेली तर काही बिघडत नाही. ती दर दोन सुरांनी इकडून तिकडे जा-ये करू लागली की वादक वल्ही मारून थकतो.

ब्रेकच्या खाली, अगदी तळाशी, क्लॅरिनेटचा आवाज गडद आणि तेलकट. ब्रेकच्या वर उजळ, गोल. आणि सगळीकडे एक गुण असा, जो बाकी कुणाकडे नाही: सूर कुठून सुरू झाला ते कळू न देता शून्यातून आणता येतो आणि शून्यात सोडता येतो. या दोन रंगांमध्ये विचार करून ये-जा करणारा सोलो क्लॅरिनेटचा. नुसता गोड चालीचा सोलो कुणाचाही.

वाद्य निवडण्यातही कसब असतं. क्लॅरिनेटवाला दोन वाद्यं जवळ ठेवतो, एक बी फ्लॅटचं आणि एक जरा लांब, ए-चं, ज्यात कागदावरची पांढरी एक वाजवली की पांढरी सहा निघते. राखमानिनोव्हच्या दुसऱ्या सिंफनीचा (१९०८) तिसरा भाग ए मेजरमध्ये, म्हणजे पांढरी सहा सा धरून आहे, आणि त्यातला लांब, रेंगाळणारा सोलो त्याने ए-च्या क्लॅरिनेटला दिला. वादकासमोरच्या कागदावर त्यामुळे सी मेजर येतो, म्हणजे पेटीच्या भाषेत सगळ्या पांढऱ्या. त्याची बोटं मोकळी राहतात आणि लक्ष श्वासावर. तोच सोलो बी फ्लॅटच्या वाद्याला दिला असता तर पाच शार्प, म्हणजे पाच काळ्या, समोर आले असते. वाजलं असतंच, व्यावसायिक वादक काहीही वाजवतो. पण ते ‘वाजवलेलं’ ऐकू आलं असतं.

मींडेचं काय, असं आपल्याकडचा माणूस हमखास विचारतो. बांबूच्या बासरीवर आणि सनईवर बोट हळूच सरकवून भोक अर्धवट उघडता येतं. ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांवर बहुतेक भोकांना झाकणाच्या कळा आलेल्या असल्याने सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडतो, घसरत नाही. ओबोला लांब मींड लिहून देणारा माणूस वादकाच्या ओठांवर अन्याय करतो. क्लॅरिनेटची काही भोकं अजून बोटांनीच झाकायची असतात, म्हणून त्याला ते जमतं, तेही ब्रेकच्या वर जास्त. गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’ची (१९२४) ती प्रसिद्ध सुरुवात, तळातून आकाशात घसरत जाणारी, मुळात सुट्या सुरांची चढती सरगम लिहिलेली होती. रॉस गॉर्मन या क्लॅरिनेटवाल्याने तालमीत गंमत म्हणून शेवट घसरवला, आणि गर्श्विनने सांगितलं, असंच ठेव. आजही बरेच वादक खालचा भाग सरगमसारखा वाजवतात आणि ब्रेक पार झाल्यावरच घसरायला लागतात.

जिभेबद्दल थोडक्यात. सूर वेगळे तोडायला वादक जिभेने ‘तु तु’ करतो. फ्लूटच्या तोंडात काहीच नसल्याने त्याला ‘तु-कु तु-कु’ असं दुप्पट वेगाने तोडता येतं. ओबो-क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडात पत्ती असते, ते कठीण. मेंडेल्सोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या स्केर्त्सोच्या, म्हणजे चपळ, खेळकर भागाच्या (१८४३) शेवटी फ्लूटची जी लांबच लांब तुटक धावपळ आहे, ती फ्लूटलाच का दिली, याचं उत्तर तिथे आहे. श्वास कुठे घ्यायचा, हे मात्र त्याने वादकावर सोडलं.

आणि साथ. सोलो कितीही छान बांधा, खाली गर्दी असेल तर व्यर्थ. यात फार सांगण्यासारखं नाही, पण चुका सर्वांत जास्त इथेच होतात. त्याच उंचीवर, त्याच रंगाचं दुसरं काही चालू ठेवू नये, एवढंच. ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीच्या शेवटच्या भागात (१८८५) फ्लूटचा एक उदास, खालून वर चढणारा सोलो आहे, आणि ब्राम्ससारखा दाट लिहिणारा माणूससुद्धा तिथे साथ ठिगळाठिगळांवर आणतो. दब्युसीने तर साथच काढून टाकली. आजकाल गणपतीच्या दिवसांत इथलेही काही तरुण संगणकावर ऑर्केस्ट्रा बांधतात. त्यांचा घोटाळा असा की संगणक फ्लूटचा खालचा सूर तुतारी-ट्रॉम्बोनच्या वर ऐकवतो, कारण मिक्सरची दांडी वर ढकललेली असते. सभागृहात दांडी नसते. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. सावंतवाडी-कणकवलीहून रात्रीची गाडी धरून एकदा तरी समोर बसून ऐकावं; कोणत्या वाद्याचा कुठला सूर किती लांब पोचतो, हे हेडफोनमधून कधीच कळत नाही.

याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, गोव्यात, चर्चच्या शाळांतून पोरं पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य स्वरलिपी शिकली आणि मुंबईच्या सिनेमासंगीतात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये फ्लूटचा किंवा क्लॅरिनेटचा जो चार ओळींचा तुकडा येतो, तो लिहिणाऱ्याला समोर कोण बसणार हे माहीत असायचं. या माणसाचा खालचा सूर भारी, त्याची जीभ हलकी, हा हिशेब लिहितानाच. सिंफनी लिहिणाऱ्याला ही चैन नसते. त्याचा सोलो शंभर वर्षांनी अनोळखी माणूस वाजवणार असतो. म्हणून त्याने वाद्याची ओळख पक्की ठेवलेली बरी.

शेवटी बासून, माझा लाडका. सुमारे अडीच मीटर लांबीची नळी दुमडून उभी केलेली, आणि एकट्या डाव्या अंगठ्याला आठ-दहा कळा सांभाळायच्या. लोक त्याला विनोदी वाद्य समजतात, कारण खालच्या पट्टीत तुटक वाजवलं की तो खरंच मिश्कील होतो. पण वरच्या पट्टीत तो वेगळाच प्राणी आहे. २९ मे १९१३ला पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’ सुरू झालं ते बासूनच्या सोलोने. चाल एका लिथुआनियन लोकगीताची, आणि पहिलाच सूर पांढरी एक, मधल्या सप्तकाच्याही वरची. बासूनसाठी ती जवळजवळ छप्पर. त्या काळच्या प्रेक्षकांना हे वाद्य कोणतं हेच चटकन ओळखू येऊ नये, इतका तो आवाज परका. तीच ओळ कोर आंग्लेवर मस्त, सुखात वाजली असती. स्ट्राविन्स्कीला सुख नको होतं. जमिनीतून काहीतरी कष्टाने वर येतंय असा ताण हवा होता, आणि तो ताण त्याने वादकाच्या ओठांतून मिळवला. गंमत अशी की आता कॉलेजातली पोरंही तो सोलो लोण्यासारखा वाजवतात. वादक सुधारले आणि ताण कमी झाला.

उलट बाजूचं उदाहरण चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत आहे, १८९३च्या. तिची सुरुवात बासूनच्या तळाच्या सुरांवर होते, कॉन्ट्राबास या सगळ्यात खर्जाच्या तंतुवाद्याच्या काळोख्या साथीवर. तिथे काही वाद नाही. तो खोल, जड आवाज बासूनशिवाय कुणाचा असूच शकत नाही. वाद आहे तो त्याच भागात पुढे. क्लॅरिनेट मुख्य चाल हळू, आणखी हळू म्हणत खाली उतरतो, आणि शेवटचे चार सूर चायकोव्हस्कीने बासूनला दिले. त्यावर ‘हळू’ची, म्हणजे कमी आवाजाची, खूण एक-दोन नव्हे, सहा वेळा लिहिली. क्लॅरिनेट शून्यात विरू शकतो. बासून त्या खोलीवर विरत नाही. तिथे हळू फुंकलं तर पत्ती बोलायलाच तयार नसते, आणि बोलली तर जरा जास्तच बोलते. म्हणून बहुतेक कंडक्टर ते चार सूर बास क्लॅरिनेटला देतात, जो क्लॅरिनेटच्याच रंगात आणखी खाली उतरू शकतो.

तर मग चायकोव्हस्कीचं चुकलं? क्लॅरिनेटची ओळ त्याने वाद्य आतून ओळखून लिहिली, हे दिसतंच आहे. तोच माणूस पुढच्या चार सुरांत बासून विसरला असेल, हे पटायला जड जातं. हे चार सूर संपता संपता सगळा ऑर्केस्ट्रा एका फटक्यात कोसळतो. बास क्लॅरिनेटवर ते चार सूर फार सुंदर येतात, आणि फटका तुम्हाला बेसावध पकडतो. बासूनवर ते किंचित खरखरीत, बिचकलेले येतात, आणि काहीतरी बिनसलंय हे फटक्याच्या आधीच कळतं. मला दुसरं आवडतं, जरी वादक मित्र यावर माझ्याशी भांडतात. ध्वनिमुद्रणं दोन्ही प्रकारची सहज मिळतात. कोण वाजवतंय ते ओळखणं सोपं आहे: क्लॅरिनेट थांबल्यावर आवाजाचा पोत बदलला तर बासून, न बदलता नुसता खाली गेला तर बास क्लॅरिनेट.